पुसलेल्या नावांचा पडदा

साहित्यसमीक्षेत 'पालिम्प्सेस्ट' हा शब्द आता इतका रुळला आहे की, तो मुळात एका काटकसरीच्या व्यवहाराचे नाव होता याचे भान फारसे उरलेले नाही. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'पुन्हा खरवडलेले' एवढाच आहे. चर्मपत्र महाग, म्हणून जुना मजकूर धुऊन वा खरवडून त्याच पानावर नवा लिहायचा, ही मध्ययुगातील लेखनिकांची सर्वसाधारण रीत होती. थॉमस डी क्विन्सीने १८४५ मध्ये मानवी मेंदूला या पानाची उपमा दिली. जेरार जेनेतने १९८२ साली, एका संहितेच्या पोटातून दुसरी संहिता कशी जन्मते याचा विचार करणाऱ्या आपल्या ग्रंथाला हेच नाव दिले. त्यानंतर शहर, स्मृती, राष्ट्र, भाषा, यांपैकी कशालाही पालिम्प्सेस्ट म्हणणे सोपे होऊन बसले. या प्रवासात एक माणूस मात्र उपमेतून गळून पडला. तो म्हणजे खरवडणारा. त्याने कोणते हत्यार वापरले, काय निघाले आणि काय निघाले नाही, ते पान पुन्हा वापरण्याची गरज कोणाला होती, हे प्रश्न समीक्षेने सहसा विचारलेले नाहीत.

हे प्रश्न विचारण्यासाठी दहाव्या शतकातील पोथीपर्यंत जाण्याची आवश्यकता नाही. गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांत ब्रिटनच्या रस्त्यांवर एक नवे पालिम्प्सेस्ट तयार झाले आहे. मालवाहू ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना लावलेले प्लास्टिकलेपित कापडाचे पडदे, त्यांच्यावर लिहिलेले वाहतूकदाराचे नाव, आणि ट्रेलर विकला गेला की त्याच पडद्यावर लिहिले जाणारे दुसऱ्याचे नाव, असे त्याचे स्वरूप आहे. या पडद्यांचा इतिहास हा अक्षरलेखनाच्या एका कारागिरीचाही इतिहास आहे, आणि पुसणे म्हणजे नेमके काय याविषयी तो काही निश्चित गोष्टी सांगतो.

वाहनावर नाव लिहिण्याची सुरुवात ब्रिटनमध्ये जाहिरातीपेक्षा कायद्याच्या धाकाने अधिक झाली. १८३५ च्या हायवे अ‍ॅक्टने प्रत्येक मालगाडीच्या उजव्या बाजूस मालकाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण, किमान एक इंच उंचीच्या, स्पष्ट वाचता येईल अशा अक्षरांत रंगवण्याचे बंधन घातले. पुढे १८७७ च्या कॅनॉल बोट्स अ‍ॅक्टने कालव्यांवरील ज्या नावांवर कुटुंबे राहत असत त्यांची नोंदणी करून त्यांवर खुणा व क्रमांक घालणे सक्तीचे केले. अपघात झाला, माल हरवला, रोग पसरला, तर जबाबदार कोण हे कळावे एवढाच राज्यसंस्थेचा हेतू होता. परंतु सक्तीने लिहाव्या लागणाऱ्या त्या ओळीत कारागिरांनी आपली कला ओतली. अक्षरांना सावल्या आल्या, सोनेरी कडा आल्या, नावाभोवती वेलबुट्टी आली. जबाबदारीची खूण हळूहळू प्रतिष्ठेची खूण झाली. भूदानाच्या ताम्रपटावरील कायदेशीर मजकूर आणि त्यातील राजप्रशस्ती यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटू नये.

हे काम करणारा तो साइनरायटर. त्याची साधने मोजकीच असत. छिन्नीसारख्या सरळ टोकाचे लांब केसांचे कुंचले, हात टेकवण्यासाठी टोकाला कापडी गोळा बांधलेली माल-स्टिक नावाची काठी, खडूची दोरी, आणि नक्षी उतरवण्यासाठी टोचे मारलेला कागद. फळ्यांवर अस्तराचे आणि रंगाचे थर चढवून ते घासून गुळगुळीत केलेले असत. त्यावर अक्षरे लिहून वरून व्हार्निश दिले जाई. अक्षरांची मापे पुस्तकात असली, तरी त्यांमधील अंतरे डोळ्यांत असत. दोन उभ्या दांड्या शेजारी आल्या तर किती जागा सोडायची आणि गोल अक्षर शेजारी आले तर किती आवळायची, हे उमेदवारीतच शिकावे लागे. आपल्याकडे मोडी वा बाळबोध अक्षर 'घोटून' घेतले जाई, त्याच जातीचे हे शिक्षण होते.

या नावांच्या सामूहिक पुसणीचा पहिला मोठा प्रसंग राजकीय होता. १९४७ च्या ट्रान्सपोर्ट अ‍ॅक्टने लांब पल्ल्याची रस्तावाहतूक राष्ट्रीय मालकीची केली, आणि १९४८ पासून एकामागून एक खासगी कंपन्या ब्रिटिश रोड सर्व्हिसेस या सरकारी संस्थेत विलीन होत गेल्या. बापलेकांची, भावाभावांची नावे मिरवणारे ट्रक एका रंगाखाली आले. सर्वसाधारण मालवाहतुकीसाठी तो रंग लाल होता. पुढे सरकार बदलले आणि १९५३ च्या कायद्याने हेच ट्रक पुन्हा खासगी वाहतूकदारांना विकण्याची वाट मोकळी केली. लाल रंगावर पुन्हा कुटुंबांची नावे चढू लागली. पाच-सहा वर्षांच्या अवधीत एकाच फळीवर तीन मजकूर येऊन गेले, असे या काळातील काही गाड्यांविषयी म्हणता येईल. तिन्ही वेळा कुंचला धरणारा हात बहुधा त्याच जिल्ह्यातल्या कारागिराचा असे. धोरणे वेस्टमिन्स्टरमध्ये ठरत होती, पुसण्याचे आणि लिहिण्याचे काम गावातल्या रंगशाळेत होत होते.

त्या वेळचे बहुतेक ट्रक उघड्या पाटाचे असत. माल रचून त्यावर ताडपत्री पसरायची आणि दोरांनी आवळून बांधायचे, हे चालकाचे रोजचे काम होते. पावसात, वाऱ्यात, रचलेल्या मालावर चढून ते करावे लागे, त्यात वेळ जाई आणि पडून इजाही होत. नाव असे ते मुख्यतः दारांवर आणि केबिनच्या कपाळपट्टीवर. फोर्कलिफ्ट आणि पॅलेट यांचा प्रसार झाल्यावर माल बाजूने भरता-उतरवता येणे गरजेचे झाले. चेशर परगण्यातील काँगल्टन येथील बोअलॉय या कंपनीने साठच्या दशकाच्या अखेरीस यावर तोडगा काढला. ट्रेलरला छत आणि मागची दारे कायम ठेवायची, बाजूंना मात्र वरच्या रुळावरून सरकणारे पडदे लावायचे, आणि ते खाली पट्ट्या-बकलांनी व टोकाला खांबांनी ताणून घ्यायचे. 'टॉटलायनर' हे त्या कंपनीच्या मालाचे नाव पुढे सबंध प्रकाराचेच नाव होऊन बसले.

येथे अक्षरलेखनाच्या दृष्टीने एक मोठी घटना घडली. साइनरायटरला तोवर दाराएवढे पान मिळत होते, आता ट्रेलरच्या जवळजवळ सबंध लांबी-उंचीचे पान मिळाले. तेही एका बाजूला एक, असे दोन. त्याच सुमारास वाचकही बदलला होता. १९५९ मध्ये एम-१ या महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला आणि रस्त्यावरचा मजकूर ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने वाचला जाऊ लागला. महामार्गांच्या पाट्यांसाठी जॉक किनेअर आणि मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी मोठ्या व लहान लिपीतील साधी, बिनसेरिफ अक्षरे आखली. दगडात अक्षरे कोरणारे डेव्हिड किंडर्सली यांनी मात्र सेरिफयुक्त मोठ्या लिपीचा आग्रह धरला. या वादात किनेअर-कॅल्व्हर्ट यांची बाजू सरस ठरली आणि १९६५ पासून सर्व रस्त्यांवर त्यांची पद्धत लागू झाली. सरकारी पाटी आणि खासगी ट्रक यांचा परस्परांशी थेट संबंध नव्हता, पण दोघांचा वाचक एकच होता. वेगात वाचणाऱ्याला वेलबुट्टी दिसत नाही. पत्ता, मालाची यादी, सावलीतली दुहेरी रेघ, हे सारे मागे पडत गेले आणि एकच ठसठशीत नाव, एकच रंगसंगती उरली.

कार्लाइलच्या एडवर्ड स्टोबार्ट (१९५४-२०११) यांनी वडिलांच्या, एडी स्टोबार्ट यांच्या नावाने वाढवलेली कंपनी हे या बदलाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. हिरव्या-तांबड्या रंगातील तिचे ट्रक ओळखण्याचा लोकांना छंद लागला, चाहत्यांचे मंडळही निघाले. गंमत अशी की, त्या एकसारख्या ताफ्यातही प्रत्येक गाडीला एका स्त्रीचे नाव देण्याची प्रथा होती. आरंभीची नावे ट्विगी, टॅमी, डॉली आणि सूझी. पडद्यावरचे विशाल नाव कंपनीचे, आणि केबिनवरचे लहानसे नाव त्या एका गाडीचे. जुन्या साइनरायटरच्या जगाची आठवण अशी एका कोपऱ्यात टिकून राहिली.

मात्र पडद्याचे पान जितके मोठे तितकेच ते हट्टी असते. फळी स्थिर असते, पडदा दिवसातून अनेकदा सरकतो, चुण्या पडून एका टोकाला गोळा होतो. माल चढवला जात असताना त्यावरचे नाव वाचता येत नाही. ते पुन्हा ताणले की पुन्हा वाचता येते. कापड पॉलिएस्टरचे, त्यावर दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा लेप. पीव्हीसी मुळात कडक असते. त्याला मऊपणा येतो तो त्यात मिसळलेल्या प्लास्टिसायझर नावाच्या द्रव्यामुळे, आणि हे द्रव्य वर्षानुवर्षे हळूहळू पृष्ठभागाकडे झिरपत राहते. त्यामुळे जुन्या पडद्यावर साधा रंग नीट धरत नाही. त्यासाठी आधी रस्त्यावरचा तेलकट थर धुवावा लागतो, मग द्रावकाने पुसून घ्यावे लागते, जुन्या लॅकरचा अंश उरला असेल तर तो काढावा लागतो. पडदा ताणलेल्या स्थितीत असतानाच मापे घ्यावी लागतात, कारण सैल कापडावर आखलेली सरळ रेघ ताणल्यावर सरळ राहतेच असे नाही. खालची बकले आणि पट्ट्या अक्षरांच्या पोटातून जाणार नाहीत हेही पाहावे लागते.

त्यानंतर दोन मार्ग असतात. पहिला शाईचा. स्टेन्सिल चिकटवून पीव्हीसीसाठीची विशेष शाई फवारायची. तिच्यातील द्रावक लेपाचा वरचा थर किंचित मऊ करते आणि रंग त्यात शिरून बसतो. दुसरा मार्ग चिकटपट्टीसारख्या फिल्मचा. अक्षरे संगणकाने कापून कापडावर चिकटवायची. जोसेफ गर्बर या संशोधकाच्या कंपनीने ऐंशीच्या दशकात अक्षरे कापणारी यंत्रे बाजारात आणली आणि थोड्याच वर्षांत कुंचल्याचे बरेचसे काम त्यांच्याकडे गेले. शाई कापडाचाच भाग होते, म्हणून ती टिकते आणि म्हणूनच स्वच्छ निघत नाही. फिल्म कापडावर पाहुण्यासारखी राहते. ती काढता येते, पण पडदा सारखा दुमडला जात असल्याने तिच्या कडा उचलल्या जातात. लेखनाच्या टिकाऊपणाची किंमत पुसण्याच्या अवघडपणात मोजली जाते, हा या व्यवसायातील साधा नियम आहे.

ट्रेलर विकला जातो तेव्हा या नियमाची प्रचिती येते. विकणाऱ्याला आपले नाव दुसऱ्याच्या हलगर्जीपणाला जोडले जायला नको असते. घेणाऱ्याला आपल्या गाडीवर दुसऱ्याचे नाव नको असते. दिवाळे निघून विकल्या गेलेल्या गाड्यांच्या बाबतीत तर जुने नाव म्हणजे पराभवाची जाहिरातच. नवा पडदा घ्यायचा तर खर्च मोठा, म्हणून लहान वाहतूकदार जुनाच पडदा पुन्हा लिहून घेतो. मध्ययुगीन मठात चर्मपत्राविषयी जो हिशेब होता, तोच येथे आहे.

आणि मग 'भूत' दिसते. या धंद्यात पुसल्यावर उरणाऱ्या जुन्या अक्षरांच्या आकृतीला भूतच म्हणतात. तिचे कारण विचार करण्यासारखे आहे. ऊन, पाऊस आणि धूर यांनी उघडे कापड विटत जाते. अक्षराखालचे कापड मात्र अक्षराने झाकलेले असल्यामुळे जसेच्या तसे राहते. फिल्म सोलून काढली की नावाच्या आकाराचा ताजा, न विटलेला रंग समोर येतो. म्हणजे तेथे नावाचा अवशेष उरलेला नसतो. नावाने आपल्याखाली जे जपून ठेवले, ते उरलेले असते. स्मृती म्हणजे मागे राहिलेला डाग, ही आपली नेहमीची कल्पना येथे उलटी होते. डाग पडला तो भोवतालावर, जिथे शब्द होता ती जागा स्वच्छ राहिली.

हे भूत घालवण्याचा उपाय म्हणजे त्यावर पडद्याच्याच रंगाचा चौकोनी पट्टा मारणे आणि त्या पट्ट्यावर नवे नाव लिहिणे. पण येथेही मर्यादा आहे. थर जाड झाला की कापड ताठर होते आणि दुमडताना रंगाला भेगा पडतात. त्यामुळे एका पडद्यावर किती नावे होऊन जाऊ शकतील याला भौतिक सीमा आहे. उपमेतील पालिम्प्सेस्टवर थरावर थर अनंत चढवता येतात. खऱ्या पालिम्प्सेस्टचे कापड कधीतरी हार मानते.

हार मानलेल्या कापडाचेही पुढे आयुष्य असते. फाटलेल्या जागी दुसऱ्या पडद्याचा तुकडा गरम हवेने सांधतात, आणि भलत्याच नावाचे अर्धे अक्षर मधेच उमटते. काही पडदे शेतावर गवताच्या गंजी झाकण्यासाठी जातात. झुरिकमध्ये मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग या भावांनी १९९३ मध्ये ट्रकच्या जुन्या ताडपत्रीपासून पिशव्या शिवायला सुरुवात केली. पट्ट्याला गाडीचा सीटबेल्ट, कडांना सायकलची जुनी ट्यूब. त्यांपैकी एक पिशवी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पोहोचली. या पिशव्यांचे आकर्षण त्यांच्यावरील तुटक्या अक्षरांत आहे. कधी काळी कोणाचे तरी संपूर्ण नाव असलेल्या मजकुरातील एखादी वेलांटी, एखादी आडवी रेघ, आता शोभेची वस्तू होते. आर्किमिडीजच्या ग्रंथाची दहाव्या शतकातील प्रत १२२९ मध्ये प्रार्थनापुस्तक करण्यासाठी सुटी केली गेली, तेव्हा तिची पानेही दुमडून आडवी फिरवली गेली होती. नवा मजकूर जुन्या ओळींना छेदून गेला. १९९८ मध्ये त्या पोथीचा लिलाव झाला आणि पुढे दहा वर्षे वेगवेगळ्या प्रकाशलहरींखाली छायाचित्रे घेऊन खालचा मजकूर वाचला गेला. पडद्यांच्या नशिबी असे वाचक नाहीत, कारण त्यांच्याखाली आर्किमिडीज नाही, एखादा बुडालेला वाहतूकदार आहे.

मराठी वाचकाला हा सारा विषय वाटतो तितका परका नाही. ट्रकवरील आच्छादनाला आपण ताडपत्री म्हणतो. या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो, तो उच्चारताना ताडपत्रावरील पोथी कानाआड राहत नाही. आपल्या ट्रकांना सरकते पडदे फारसे नव्हते, पण लाकडी बांधणीवर पेंटरने लिहिलेली नावे, देवादिकांची नामे आणि मागच्या फळीवरचे 'हॉर्न ओके प्लीज' हे आपले महामार्गीय वाङ्मयच होते. महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी एप्रिल २०१५ मध्ये एका आदेशाने या शेवटच्या वाक्यावर बंदी घातली, त्याने हॉर्न वाजवण्यास उत्तेजन मिळते असे कारण देऊन. पेंटरांच्या पोटावर खरा पाय आणला तो मात्र फ्लेक्सच्या छपाईने, आणि तो दुकानांच्या पाट्यांवरून सुरू झाला. फ्लेक्स म्हणजेही पीव्हीसीचा लेप दिलेले कापडच. हनीफ कुरेशी (निधन २०२४) यांनी 'हँडपेंटेडटाइप' या प्रकल्पात रस्त्यावरील पेंटरांची अक्षरवळणे संगणकीय फाँटच्या रूपात जतन केली, तीही त्या त्या पेंटरच्या नावाने. ही शेवटची गोष्ट मोलाची आहे. पाटीवर नाव दुकानदाराचे असते, ट्रकवर नाव मालकाचे असते. ते लिहिणाऱ्याचे नाव क्वचित कोपऱ्यात बारीक अक्षरांत येते आणि सर्वांत आधी पुसले जाते.

या सगळ्यातून समीक्षेला काय घेता येईल? पहिली गोष्ट ही की, पुसण्यामागे दर वेळी वैर नसते. बहुतेक वेळा काटकसर असते, आणि ती न पाहता केवळ सत्तेची वा विस्मरणाची भाषा बोलणे अपुरे आहे. १९४८ ची लाल रंगाची लाट राजकीय होती. त्यानंतरची असंख्य पुसणी केवळ नवा पडदा परवडत नाही म्हणून झाली. दुसरी गोष्ट अशी की, काय उरावे हे लिहिणाऱ्याच्या इच्छेवर नसून माध्यमाच्या स्वभावावर ठरते. शाई आणि फिल्म यांतील फरक हा दोन प्रकारच्या स्मृतींमधील फरक आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लिहिणे आणि पुसणे ही एकाच कारागिराची कौशल्ये आहेत. चांगला साइनरायटर जुने नाव काढताना कापड जखमी करत नाही, कारण पुढचे नाव त्याच कापडावर उभे राहायचे असते. मठातील लेखनिकालाही हे ठाऊक असले पाहिजे.

वर्गात पालिम्प्सेस्ट ही संज्ञा शिकवताना डी क्विन्सी आणि जेनेत यांच्या जोडीला एखाद्या जुन्या पडद्याचे छायाचित्र विद्यार्थ्यांसमोर ठेवायला हरकत नाही. त्यात खालचे नाव कोणते होते हे तर विचारावेच, पण ते कोणी पुसले, कशाने पुसले आणि त्याला त्याचे काय मिळाले, हेही विचारावे.